निकालाआधीचा न्याय

न्याय न्यायाधीश देतात, असे आपण म्हणतो. परंतु साक्रीहून धुळ्याच्या किंवा जामनेरहून जळगावच्या जिल्हा न्यायालयात आलेल्या शेतकऱ्याला प्रथम भेटतो तो कारकून. निकालाची नक्कल आज मिळेल की आणखी एक खेप घालावी लागेल, हे पुष्कळदा त्याच्या टेबलावर ठरते.

तेथेच ‘चहापाण्या’चा प्रश्न उभा राहतो. काम हक्काचे आहे, केवळ लवकर हवे. मग थोडे दिले तर त्यात पाप कोणते? आम्हांला वाटते, त्या पापाची किंमत रांगेतील मागचा माणूस भरतो. ज्याचा खिसा रिकामा, त्याचा कागद गठ्ठ्यात खाली जातो. 1988 चा भ्रष्टाचार प्रतिबंधक कायदाही 2018 च्या दुरुस्तीनंतर देणाऱ्याला दोषी धरतो. बळजबरीने द्यावे लागल्यास सात दिवसांत कळवणाऱ्यालाच तो वगळतो.

बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाने जकातदारांना नोकरी सोडावयास सांगितले नाही. ठरल्याहून अधिक घेऊ नका, एवढेच सांगितले. संत लूकच्याच शुभवर्तमानातील विधवा न्यायाधीशाकडे पुन्हा पुन्हा येत राहिली. आजही ती येते. तिचा कागद तिच्या क्रमाने पुढे जाऊ देणे, हा कारकुनाचा धर्म. आणि तिचा क्रम विकत न घेणे, हा आपला.