मागून आणलेली जास्वंद



बँकेच्या काउंटरवर छत्तीस वर्षं काढली. नावे आणि जमा यांत दहा पैशांचा फरक राहिला तर रात्री आठपर्यंत बसून तो शोधला. अशा माणसाने रोज सकाळी चोरी केली, आणि तीही दत्तमहाराजांच्या नावावर, हे लिहिताना हात अडखळतो.

निवृत्तीनंतर पहाटे फिरायला जाऊ लागलो. हातात पिशवी आणि आकडीची काठी. गल्लीच्या टोकाला एका जुन्या घराच्या कुंपणावरून जास्वंद बाहेर झुकलेली असे, लाल आणि पांढरी. बाहेर आलेली फांदी रस्त्याची, हा माझा हिशेब. शिवाय हे फूल एका दिवसाचं, संध्याकाळी मिटणारच. मग देवाच्या पायी गेलं तर काय वाईट? दहा-बारा फुलं ओढायची आणि कळ्या उद्यासाठी फ्रीजमध्ये ठेवायच्या. (जास्वंद गणपतीची, दत्ताला कशी, असं विचारणारे भेटतात. माझी आई दत्ताच्या तसबिरीला पांढरी जास्वंदच वाहायची. मला तेवढं पुरतं.)

जयंतीच्या सप्ताहात एका सकाळी त्या घराची खिडकी उघडली. काकू रागावल्या नाहीत. म्हणाल्या, "अहो भाऊ, बेल वाजवली असतीत तर मीच परडी भरून दिली असती. हे दोन वर्षं अंथरुणावर आहेत. या खिडकीतून एवढंच झाड दिसतं. फुलावर शिंजीर येतो, तो बघतात. हल्ली फूलही नाही आणि पाखरूही नाही."

पूजा केली, मन लागलं नाही. संध्याकाळी मंदिरात एकादश स्कंधातल्या अवधूत-यदू संवादावर निरूपण होतं. अवधूताच्या चोवीस गुरूंत भुंगा आहे. तो पुष्कळ फुलांतून थोडं थोडं घेतो, फूल मोडत नाही. माधुकरी हा शब्द त्यावरूनच आला. दारात उभं राहायचं, हाक द्यायची, घालतील तेवढं घ्यायचं. दत्तमहाराज रोज कोल्हापुरी भिक्षा मागतात ही आपली श्रद्धा. ज्याचं सगळं आहे तो दारी उभा राहून मागतो, आणि मी त्याच्यासाठी काठीने ओढून आणतो! साठा करणारी मधमाशी मधापायी जीव गमावते, तीही कथा निघाली. मला आमचा फ्रीज आठवला.

दुसऱ्या दिवशी बेल वाजवली, माफी मागितली आणि एक फांदी मागितली. "आता नको, आषाढात या," काकू म्हणाल्या. आपल्याकडच्या साध्या जास्वंदीला बी सहसा धरत नाही. ती घरोघरी पोचली ती कुणीतरी मागितलेल्या आणि कुणीतरी दिलेल्या फांदीने.

आषाढात त्यांनी पेन्सिलीएवढ्या जाडीची, वीतभर लांबीची, चार डोळ्यांची फांदी काढून दिली. खाली तिरका काप द्यायचा, खालची पानं काढायची, दोन डोळे मातीत जातील अशी लावायची. पहिला महिना सावलीत ठेवायची, मग पाच-सहा तासांचं ऊन हवंच. कुंडीत पाणी तुंबलं की कळ्या गळतात. कापसासारखा पिठ्या ढेकूण हा हिचा खरा शत्रू. मुंग्यांची रांग दिसली की पानामागे बघावं. आधी पाण्याचा जोरदार फवारा मारायचा, मग साबणाच्या पाण्यात थोडं कडुनिंबाचं तेल घालून फवारायचं. विषारी औषध मी मारत नाही, फुलावर पाखरं बसतात. फुलं नव्या फुटव्याला येतात, म्हणून छाटणीला भिऊ नये. मी पहिलं वर्ष भीत राहिलो आणि नुसती काठीसारखी उंच वाढली. सौ. पानं वाटून केस धुते, लाल फुलं खोबरेलात कढवते. गुण येतो म्हणते. माझ्या डोक्याची स्थिती पाहता मी मत देत नाही.

आज तिसरा पावसाळा उलटला. सहा फुलं उमलली तर दोन परडीत जातात. काका मागच्या वैशाखात गेले. आता काकू सकाळी त्या खिडकीत बसतात. मी फिरायला निघालो की कुंपणापाशी थांबतो, फुलं मोजतो आणि त्यांना "नऊ आहेत हो आज" असं सांगून पुढे जातो.