थकलेला नवरा आणि थकलेली बायको



घरात खाण्यापिण्याची ददात नाही, धंदा-नोकरी बरी चालली आहे, मुले शिकत आहेत, आणि तरीही घरचा कर्ता पुरुष पंचेचाळिशीच्या आसपास एकाएकी घुमा होतो, चिडचिडा होतो. हे सारे आयुष्य आपण कोणासाठी घालवले, असे त्याला वाटू लागते. हे दुःख खरे मानावयाचे, की पोट भरल्यानंतरचे चोचले म्हणून सोडून द्यावयाचे? आणि खरे मानले, तर त्या दुःखाच्या नावाखाली त्याने काय करावे आणि काय करू नये?

या प्रश्नावर एक जुनी अमेरिकन कादंबरी आहे. ‘बॅबिट’ तिचे नाव, सिंक्लेअर लुईस लेखक. ती १९२२ साली प्रसिद्ध झाली. १९३० साली या लेखकाला साहित्याचे नोबेल पारितोषिक मिळाले. ते मिळवणारा तो पहिला अमेरिकन. तुम्ही म्हणाल, अमेरिकेतल्या घर-जमिनीच्या दलालाची गोष्ट आम्हांला कशाला? थोडे थांबा.

जॉर्ज बॅबिट ४६ वर्षांचा आहे. झेनिथ नावाच्या कल्पित शहरात सासऱ्याच्या भागीदारीत तो घरे-जमिनी विकतो. बायको मायरा, तीन मुले, मोटार, चांगल्या वस्तीत घर, प्रतिष्ठितांच्या क्लबात ऊठबस. १९२० च्या एप्रिलातल्या एका सकाळी गजराचे घड्याळ वाजते आणि कादंबरी सुरू होते. घड्याळही साधे नव्हे. जाहिरातींत गाजलेले, अंधारात तबकडी चमकणारे. अशा घड्याळाने आपण जागे होतो याचा बॅबिटला अभिमान वाटतो. स्वप्नात मात्र त्याला परीसारखी एक मुलगी दिसते, जी त्याला समजून घेते. पहिल्या सात प्रकरणांत लेखक त्याचा एकच दिवस सांगत बसतो. वाचताना कंटाळा येतो, पण त्या माणसाच्या जगण्यातला कंटाळाच आपल्याला चाखवावयाचा असल्यामुळे आपण तो सोसावा.

या माणसाचे एकही मत त्याचे स्वतःचे नाही. वर्तमानपत्र सांगेल ते राजकारण, क्लब सांगेल ती नीती. कॉलेजात असताना त्याला वकील व्हावयाचे होते, गरिबांचे खटले चालवावयाचे होते. ते राहून गेले. लग्नसुद्धा त्याने ठरवून केले नाही. नाही म्हणवेना म्हणून झाले. त्याचा जिवलग मित्र पॉल याला व्हायोलिन वाजवावयाचे होते आणि तो छपरांचे सामान विकतो. हा पॉल एके दिवशी बायकोवर गोळी झाडतो. ती वाचते, त्याला तीन वर्षांची शिक्षा होते, आणि बॅबिटच्या पायाखालची जमीन सरकते.

मग तो बंड करतो. शहरात संप होतो तेव्हा, संपवाले सगळेच काही दुष्ट नाहीत, असे तो बोलू लागतो. ज्याला सारे शहर लाल म्हणून हिणवते त्या आपल्या जुन्या सहाध्यायी वकिलाविषयी चांगले बोलतो. त्याच दिवसांत टॅनिस नावाच्या विधवेशी त्याचे संबंध जुळतात आणि तिच्या मंडळींत रात्र-रात्र दारू चालते.

येथे लेखकाने समाजाचे वर्म नेमके पकडले आहे. त्या वेळी अमेरिकेत दारूबंदीचा कायदा होता, पण क्लबातली ही प्रतिष्ठित माणसे चोरून पीतच होती. बाईच्या भानगडीकडेही एक वेळ डोळेझाक झाली असती. पण संपवाल्यांबद्दल सहानुभूती? ती क्षम्य नव्हती! ‘सभ्य नागरिकां’च्या संघटनेत नाव घालण्याचा आग्रह झाला. त्याने नकार देताच गिऱ्हाइके तुटू लागली, स्नेही तोंड फिरवू लागले.

पण बॅबिटनेही एक घोटाळा केला. दोन निरनिराळ्या गोष्टी त्याने एकाच पोत्यात भरल्या. दुसऱ्याचे दुःख दिसू लागल्यामुळे खरे बोलणे वेगळे, आणि घरच्या बाईला फसवून मौज करणे वेगळे. त्याला दोन्हीही ‘माझे स्वातंत्र्य’ वाटले. पहिल्यात धैर्य लागत होते. दुसऱ्यात फक्त लपवाछपवी लागत होती, आणि माणसाने सोपे तेच जास्त केले.

कादंबरीत एक लहानसा प्रसंग आहे. माझ्या मते साऱ्या पुस्तकाचा जीव तेथे आहे. आपण थकलो, विटलो, असे बॅबिट बायकोला सांगतो. तेव्हा मायरा म्हणते की मीही थकते. वर्षाचे ३६५ दिवस तीन-तीन वेळांचे जेवण काय करावयाचे ते ठरवणे, शिवणयंत्रावर डोळे फोडणे, याचा मलाही वीट येतो. यावर बॅबिटचे उत्तर काय? तू थकत असशीलही, पण मला रोज कचेरीत जावे लागते, तुला तर दुपारभर हवे तेथे जाता येते! बोलणे भांडणावर जाते. त्याच्या थकव्यावर सारी कादंबरी, तिच्या थकव्याला अर्धे पान.

आता आपल्या घरांकडे या. आपल्यात जो पहिला शिकला, पहिला नोकरीला लागला, त्याच्या थकव्याला मी चोचले म्हणणार नाही. भावंडांची शिक्षणे, बहिणींची लग्ने, म्हाताऱ्यांचे औषधपाणी, गावाहून आलेल्यांची सोय, हे करता करता त्याचे वय निघून जाते. तुला काय व्हावयाचे आहे, असे त्याला कधी कोणी विचारले? बॅबिटजवळ वस्तू होत्या आणि ओढाताण नव्हती. येथे ओढाताणीतूनच सारे उभे राहिले आहे. पण त्या गावाहून आलेल्यांना भाकऱ्या कोणी थापून घातल्या? परीक्षेला आलेल्या पुतण्यासाठी आपली निजण्याची जागा सोडून चुलीपाशी अंग कोणी टाकले? सिगालोवाद सुत्तात पतीची जी पाच कर्तव्ये सांगितली आहेत, त्यांत पत्नीचा मान राखणे, तिच्याशी एकनिष्ठ राहणे आणि घरातला अधिकार तिच्या हाती देणे ही आहेत. पती थकला तर सूट, असे तेथे म्हटलेले नाही.

मी शाळामास्तर. पालक भेटावयास येतात, त्यांत आपले राहून गेलेले मुलाच्या माथी मारू पाहणारे बाप पुष्कळ असतात. मुलगा चित्रे चांगली काढतो, बाप म्हणतो डॉक्टरच झाला पाहिजे. आई शेजारी उभी असते. तिचे मत मी विचारले की ती नवऱ्याकडे पाहते. बॅबिटही टेडने वकील व्हावे म्हणून झुरत असतो.

शेवटी मायराला अपेंडिक्सचा विकार होतो. तिला रात्री इस्पितळात नेताना बॅबिट घाबरतो, पस्तावतो. तुटलेले स्नेही चौकशीला येतात, आणि तो मुकाट्याने त्या संघटनेत नाव घालतो. पुढे पंधरवड्यात त्या वकील मित्राला त्याच्याइतक्या शिव्या कोणीच देत नाही! टॅनिसचे प्रकरण सुटले हे ठीक. पण त्याबरोबर खरे बोलणेही सुटले. मग टेड कोणालाही न विचारता लग्न करून येतो. त्याला कॉलेज नको, कारखान्यात यंत्रांचे काम हवे आहे. घरची माणसे आरडाओरडा करतात. बॅबिट मुलाला बाजूला, जेवणघरात नेतो आणि कबूल करतो की आपण जन्मात मनासारखे काही केले नाही, तू तरी कर. मुलाच्या बाजूने तो उभा राहतो. मला त्याचे तेवढेच कृत्य आवडले.

हे बोलणे होते तेव्हा मायरा पलीकडच्या खोलीत इतरांबरोबर असते. तिला काय व्हावयाचे होते, हे तिला कोणी विचारीत नाही, लेखकही नाही.