माघार आणि कणखरपणा

दडपणाखालीही कामगिरी घसरू न देण्याच्या क्षमतेला मानसिक कणखरपणा म्हणतात. दडपण आले की ठोके वाढतात, स्नायू ताठरतात आणि सरावाने अंगवळणी पडलेल्या हालचालींत खेळाडू विचार करून अडखळतो. अशा वेळी खेळत राहावे की बाहेर पडावे? यावर एक प्रशिक्षक आणि एक मानसतज्ज्ञ वाद घालत आहेत.

प्रशिक्षकाचा दाखला १९९६ च्या ॲटलांटा ऑलिंपिकचा आहे. जिम्नॅस्ट केरी स्ट्रगने दुखावलेल्या घोट्यावर दुसरी व्हॉल्ट उडी मारली आणि अमेरिकेच्या संघाला सुवर्ण मिळाले. मानसतज्ज्ञ गुणफलक पुढे करतो: ती उडी मारली नसती तरी सुवर्ण अमेरिकेचेच होते. “पण तेव्हा तिला ते ठाऊक नव्हते,” प्रशिक्षक म्हणतो. हे उत्तर खोडता येत नाही. धैर्य निकालावरून मोजत नाहीत.

मानसतज्ज्ञ मग टोकियो ऑलिंपिककडे वळतो. २७ जुलै २०२१ च्या सांघिक अंतिम फेरीत अमेरिकेच्या सिमोन बाइल्सने व्हॉल्टवर अडीच गिरक्या ठरवल्या होत्या, झाल्या दीड. हवेत शरीर कुठे आहे याचे भानच सुटले होते. जिम्नॅस्ट याला ‘ट्विस्टीज’ म्हणतात. ती लगेच स्पर्धेबाहेर पडली. नेमबाजाचा हात थरथरला तर गुण जातात. इथे मान मोडू शकते.

“धोका मान्य,” प्रशिक्षक म्हणतो, “पण अंतिम फेरीत प्रत्येक प्रकारात तिघी उतरतात आणि तिघींचेही गुण धरतात. तिच्या जागी संघातल्या जॉर्डन चाइल्सला ऐनवेळी बार आणि बीमवर उतरावे लागले. शिवाय घोट्याची सूज दिसते. भान सुटले की नुसती भीती वाटली, हे बाहेरून कोण ठरवणार?”

वादातला सर्वांत धारदार प्रश्न हाच. माघारीची किंमत संघाने मोजली, हे नाकारणे अप्रामाणिक ठरेल. मानसतज्ज्ञाकडे पुरावा नाही. खेळाडूच्या शब्दावर विश्वास ठेवा, एवढेच तो सांगू शकतो.

“आणि ती खोटे बोलत असेल तर?”

“तर एक पदक जाईल. ती खरे बोलत असताना विश्वास ठेवला नाही, तर ती स्वतःच जाऊ शकते. शिवाय जिची तक्रार सरावात दरवेळी बहाणा ठरली, ती ऑलिंपिकमध्ये तोंड उघडणारच नाही. ती गपचूप उडी मारेल.”

यावर प्रशिक्षकाकडे उत्तर नाही, पण चाइल्सचा मुद्दाही सुटलेला नाही. त्या फेरीत अमेरिकेला रौप्य मिळाले. ३ ऑगस्टला बाइल्स बीमवर परतली, शेवटच्या उडीतली गिरकी वगळली आणि कांस्यपदक जिंकले.