अर्थाला गुण नसतात

बिरसीत विमानतळाजवळ आमचे घर. दिवसभर शिकाऊ वैमानिकांची विमाने डोक्यावर घिरट्या घालतात. ओसरीवर नात मोबाइलवर स्क्रॅबल खेळते. क्यू हाती आला आणि यू नसला, की ती ‘क्यू-आय’ लावून मोकळी होते. एकट्या क्यूचेच 10 गुण! अर्थ विचारला, तर म्हणते, “आजोबा, अर्थाला गुण नसतात.”

हसू आले, पण टिकले नाही. मीही जन्मभर विष्णुसहस्रनाम म्हणत आलो. त्यातल्या निम्म्या नावांचा अर्थ मला धड सांगता येणार नाही.

न्यूझीलंडच्या नायजेल रिचर्ड्सने 2015 मध्ये फ्रेंच स्क्रॅबलचे जगज्जेतेपद मिळवले, तेही फ्रेंच बोलता येत नसताना. शब्द तेवढे पाठ केले होते. मग तो फ्रेंच शब्दच खेळला, की नुसती अक्षरे? हा वाद आपल्याकडे फार जुना. मंत्रांना अर्थच नसतो, हे कौत्साचे मत यास्काने ‘निरुक्ता’त नोंदवून खोडले आहे. मीमांसकांना वर्णच नित्य वाटतात. भर्तृहरीच्या मते सुटी अक्षरे काही सांगत नाहीत, अर्थ अखंडच उमगतो. मला भर्तृहरी पटतो. अडचण अशी, की तो पटला तर माझा पाठ लंगडा पडतो.

स्पर्धेतला पंच फक्त शब्दकोश बघतो. देवही तेवढेच बघत असेल, असे मला वाटत नाही. म्हणून हल्ली रोज एकेका नावाचा अर्थ शांकरभाष्यात शोधतो. तिथे काही नावांचे दोन-दोन अर्थ दिलेत. आता म्हणताना त्यातला कोणता धरायचा?