देवाकडे पावती मागत नाही, मग माणसाकडे का?

वेल्हे तालुक्यातल्या एका गावात मी शाखा डाकपाल होते. मुंबईला माथाडी असलेल्या मुलांच्या मनीऑर्डरी गावात येत. घेणाऱ्याला लिहिता येत नसेल तर अंगठा घ्यायचा आणि शेजारी साक्षीदाराची सही, हा खात्याचा नियम. एका माळकरी आजींना तो फार खुपायचा. "इठोबापाशी कधी कागद केला न्हाई मी," त्या म्हणायच्या. "तुज्यावरबी इस्वास हाय पोरी. मग साक्षीदार कशाला?" मी "नियम आहे आजी" म्हणून शेजारच्या दुकानदाराला हाक मारायची. उत्तर खरं होतं, पण पुरं नव्हतं. विश्वास पुरा असेल तर पडताळा म्हणजे त्याचा अपमानच नाही का? संतांनी शिकवलेली श्रद्धा आणि सरकारी शिक्का एका घरात नांदतात का?

नांदतात, असं मी आता ठामपणे म्हणते. ते मला पटलं लंडनच्या एका जुन्या टपालव्यवस्थेमुळे.

सतराव्या शतकात लंडनहून लांबच्या गावांना सरकारी टपाल जात होतं, पण लंडनमधल्या लंडनमध्ये पत्र धाडायला काही सोय नव्हती. नोकर पाठवा, नाहीतर रस्त्यावरचा हमाल गाठा. विल्यम डॉक्रा नावाच्या व्यापाऱ्याने रॉबर्ट मरेच्या साथीने १६८० साली पेनी पोस्ट सुरू केलं. शहरभरातली शेकडो दुकानं आणि कॉफीगृहं पत्र स्वीकारण्याची ठिकाणं झाली, आणि वर्गवारीसाठी सात कार्यालयं उघडली. पौंडभर वजनाचं, दहा पौंडांपर्यंत किमतीचं पुडकंही एका पेनीत जाई, आणि ती पेनी पाठवणाऱ्याने आधीच भरायची. हॅकनी, इझलिंग्टन, लॅम्बेथ, न्यूइंग्टन ही तेव्हा शहराबाहेरची गावं. तिथल्या ठरलेल्या ठिकाणी पत्र त्याच पेनीत पोचे. घरपोच हवं असेल तर घेणाऱ्याने आणखी एक पेनी द्यायची.

पत्रावर दोन शिक्के पडत. एक त्रिकोणी, पैसे भरल्याचा, त्याच्या मधोमध कार्यालयाचं आद्याक्षर. दुसरा हृदयाच्या आकाराचा, वेळेचा: सकाळचे किंवा दुपारचे किती वाजता पत्र निघालं ते त्यावर. तारखेचा शिक्का रोज हाताळलेल्या बाईला या दुसऱ्या शिक्क्याचं मोल कळतं. पत्र उशिरा आलं तर ते कुठे रेंगाळलं हे घेणाऱ्याला स्वतःच ताडता यावं, म्हणून तो होता. चालकाने आपल्याच माणसांविरुद्धचा पुरावा गिऱ्हाइकाच्या हाती दिला! इझलिंग्टनमधल्या एखाद्या मोलकरणीला डॉक्रा सज्जन आहे की नाही याची चौकशी करायची गरज उरली नाही. वजनदार माणसाचं पत्र आधीही पोचतच होतं. ज्याची कुणाशी ओळख नाही, त्याचंही पोचायलाच हवं असं म्हणायला आधार मिळाला तो या शिक्क्याने.

आजींचा विश्वास माझ्यावर होता, कारण त्या मला ओळखत होत्या. पण माझ्या जागी उद्या दुसरं कुणी बसणार. आजींचे पैसे कुणाच्या चांगुलपणावर अवलंबून का असावेत?

इथे मला तुकोबा आठवतात. परंपरा सांगते की त्यांनी घरातली कर्जखतं काढली, धाकट्या भावाचा, कान्होबाचा, निम्मा वाटा त्याला दिला आणि आपला वाटा इंद्रायणीत बुडवला. कीर्तनात बुडवलेल्या खतांचं वर्णन रंगतं. मला मात्र न बुडवलेली खतं जास्त शिकवतात. आपलं येणं सोडणं हे वैराग्य. भावाचं येणं परस्पर सोडणं हा अन्याय झाला असता, मग मन कितीही विरक्त असो. मनीऑर्डरचे पैसे माझे नव्हते, आजींच्या हाती पडेपर्यंत त्यांचेही नव्हते. ते पाठीवर पोती वाहणाऱ्या त्यांच्या मुलाचे होते. विठोबाशी कागद न करण्याचा आजींना पूर्ण अधिकार, कारण तिथे पणाला लागलेलं सगळं त्यांचं स्वतःचं. मुलाच्या घामाबद्दल मात्र साक्षीदार हवाच.

पण संशयाची आणखी एक जात असते. ती वाहणाऱ्याचा हात तपासत नाही, पत्राच्या आत डोकावते. इंग्लंडच्या १६५७ च्या टपाल कायद्यातच घातकी कट हुडकणं हा टपालाचा एक उपयोग म्हणून नोंदवलेला आहे. पेनी पोस्ट निघताच टायटस ओट्सने ते कॅथलिकांचं कारस्थान असल्याची आवई उठवली. शेवटी ते बुडवलं मक्तेदारीने. टपालाचं उत्पन्न ड्यूक ऑफ यॉर्कला तोडून दिलेलं होतं. डॉक्रा खटला हरला आणि १६८२ मध्ये सरकारने ती सेवा ताब्यात घेतली.

डोकावणाऱ्याची गरज कधी खरीही असते, हे मी नाकारत नाही. पानिपताहून औरंगाबादेला निघालेल्या कासिदाजवळचं सावकाराचं पत्र १७६१ च्या जानेवारीत नर्मदेजवळ नानासाहेब पेशव्यांनी उघडलं. त्या सांकेतिक मजकुरातून त्यांना आपल्या घराचा आणि फौजेचा नाश कळला. ज्याचा मुलगा आणि भाऊ रणात आहेत त्याने ते पत्र उघडलं म्हणून मी त्याला दोष देणार नाही. पण सावकाराने मजकूर सांकेतिक लिहिला होता, म्हणजे वाटेत पत्रं उघडली जातात हे तो जाणून होता. जिथे अशी भीती असते तिथे माणसं मोकळं लिहीत नाहीत.

आपल्याकडे १८९८ च्या डाकघर कायद्यात टपाल अडवण्याचा अधिकार सरकारला होता. त्याच्या जागी आलेला २०२३ चा कायदा जून २०२४ पासून लागू आहे. त्याच्या नवव्या कलमात राज्याची सुरक्षा, सार्वजनिक सुव्यवस्था अशा कारणांसाठी टपाल अडवण्याचा आणि उघडण्याचा अधिकार आहे. उघडणाऱ्याने नोंद कशी ठेवायची, ज्याचं पत्र त्याला कधी कळवायचं, हे ते कलम सांगत नाही. शंभर रुपयांच्या मनीऑर्डरीला मी साक्षीदार बोलावत होते. दुसऱ्याचं पत्र फोडणाऱ्या अधिकाऱ्यालाही तोच नियम लावा: तारीख, वेळ, सही आणि साक्षीदार. तुमच्या खासदाराला हे पत्राने कळवा.