थांबवलेल्या दृश्यातले आंग्रे

‘पायरेट्स ऑफ द कॅरिबियन’ मालिकेतला तिसरा चित्रपट, ‘अ‍ॅट वर्ल्ड्स एंड’, मी २००७च्या मे महिन्यात मोठ्या पडद्यावर पाहिला. पावणेतीन तासांहून थोडा मोठा चित्रपट, आणि शेवटी भोवऱ्यात गरगरणाऱ्या दोन जहाजांची लढाई. मधे कुठेतरी जगभरच्या नऊ चाचे-सरदारांची सभा भरते. त्यात पगडी घातलेला एक हिंदी सरदार आहे. तो स्वतः बोलत नाही, त्याच्या वतीने त्याचे सेवक बोलतात. अखेर तो तोंड उघडतो तेव्हा इतका किनरा आवाज निघतो की सगळं थिएटर हसलं. मीही हसलो. त्याचं नाव काय होतं, हे माझ्या कानावरून तसंच गेलं.

चित्रपट डिस्कवर आल्यानंतर भाचा सुट्टीला आमच्याकडे आला होता. सभेचं दृश्य सुरू झालं, सेवकाने मालकाचं नाव घेतलं आणि भाच्याने रिमोट उचलून दृश्य थांबवलं. “मामा, श्री सुंभाजी म्हणाला. हे आपले संभाजी आंग्रे का?”

तेच. पात्राचं पूर्ण नाव ‘श्री सुंभाजी आंग्रिया’. ईस्ट इंडिया कंपनीच्या कागदांत आंग्रे घराण्याचा उल्लेख जसा येतो, थेट तसाच. चित्रपटात तो हिंदी महासागराचा चाचा-सरदार आहे. कान्होजींच्या मुलाला हॉलिवूडने ओळखलं, पण ते शत्रूच्या वहीतल्या नोंदीवरून.

या गोष्टीचं वाईट वाटण्याचं कारण असं की हा चित्रपट कंपनीच्या बाजूचा मुळीच नाही. त्याची सुरुवातच फाशीच्या तख्तापाशी होते. साखळदंडातल्या माणसांची रांग पुढे सरकते आहे, एक अधिकारी नागरिकांचे हक्क स्थगित केल्याचं फर्मान कोरड्या आवाजात वाचतो आहे. रांगेत एक लहान मुलगाही आहे. फास त्याच्या गळ्यापर्यंत पोचावा म्हणून त्याला पिंपावर उभं करतात. ईस्ट इंडिया ट्रेडिंग कंपनी आणि तिचा लॉर्ड बेकेट यांच्या हाती कायदा गेला की काय होतं, हे त्या काही मिनिटांत अंगावर येतं. व्यापारी कंपनी ज्याला चाचा ठरवेल तो चाचा, हे या चित्रपटाला पक्कं कळलेलं आहे. आणि तरीही कोकणच्या किनाऱ्याची पाळी आली तेव्हा त्याने कंपनीचाच शिक्का उचलला.

कान्होजी आंग्रे छत्रपतींच्या दरबारचे सरखेल, म्हणजे आरमारप्रमुख, होते. आपल्या मुलखासमोरून जाणाऱ्या व्यापारी जहाजांनी दस्तक घ्यावं, ही त्यांची मागणी होती. पोर्तुगीज ‘कार्ताझ’ नावाने तेच करत होते, आणि इंग्रजही आपले परवाने देत होते. दस्तक न घेणारं जहाज पोर्तुगिजांनी अडवलं तर तो अंमल, कान्होजींनी अडवलं तर चाचेगिरी. १७१८च्या सुमारास मुंबईकर इंग्रजांनी विजयदुर्ग आणि खांदेरीवर आरमार धाडलं, १७२१मध्ये पोर्तुगिजांना सोबत घेऊन ते कुलाब्यावर आले, आणि दर वेळी हात हलवत परतले. चाच्यांच्या टोळीवर दोन युरोपीय सत्ता मिळून अशी मोहीम काढत नसतात.

कान्होजी १७२९मध्ये गेले. थोरले सेखोजी १७३३मध्ये वारले आणि मग संभाजी व मानाजी या भावांत फूट पडली. संभाजींची बाजू धुतल्या तांदळासारखी होती असं मी म्हणणार नाही. त्या भाऊबंदकीने कोकणच्या आरमाराचं कंबरडं मोडलं आणि १७५६मध्ये पेशवे व इंग्रज मिळून त्यांचे भाऊ तुळाजी यांच्या विजयदुर्गावर चालून गेले, त्याची मुळं तिथवर जातात. पण १७३५च्या डिसेंबरात कंपनीचं ‘डर्बी’ हे मोठं जहाज पकडणारे संभाजीच. ज्या माणसाच्या आरमाराची मुंबईच्या गव्हर्नरला धास्ती होती, त्याच्या तोंडी पडद्यावर तो किनरा आवाज आहे.

चीनने याच चित्रपटाबाबत वेगळा मार्ग घेतला. चाउ युन-फॅटने रंगवलेला सिंगापूरचा सरदार चिनी माणसाची बदनामी करतो, म्हणून त्याची जवळजवळ निम्मी दृश्यं तिथल्या प्रदर्शनात कापली गेली. मला तो मार्ग मान्य नाही. कापलेल्या दृश्याला प्रश्न विचारता येत नाही. आमच्या घरी दृश्य अख्खं होतं आणि थांबलेलं होतं, म्हणूनच प्रश्न निघाला.

चित्रपट घरी पाहणं म्हणजे त्याची शिळी आवृत्ती पाहणं, असं जाणकार मित्र म्हणतात. भोवऱ्याच्या लढाईपुरतं ते खरं आहे. ती मोठ्या पडद्याचीच. पण थिएटरात चित्रपट आपल्याला ओढून नेतो, मान वळवायला सवड देत नाही. घरी आपण त्याला अडवतो, मागे नेतो, एखाद्या चेहऱ्यापाशी बसतो. पुस्तक वाचताना पान उलटायचं थांबून समासात खूण करावी, तसं. दोन डिस्कच्या संचात तर असा समास मुद्दामच ठेवलेला होता. भोवऱ्याचं चित्रीकरण समुद्रात नव्हे, कॅलिफोर्नियात पामडेलच्या एका प्रचंड हँगरमध्ये झालं, हे तिथे दिसतं. नऊ सरदारांच्या सभेवरही एक स्वतंत्र भाग आहे. स्ट्रीमिंगवर मूळ चित्रपट चटकन मिळतो, ही जोडीची सामग्री बहुतेकदा मिळत नाही. घरातल्या कपाटातून डिस्क जाताहेत तसा हा समासही चालला आहे, आणि त्याची हळहळ मला मनापासून वाटते.

कारण प्रश्न इथेच निघतात. नावाचंच पाहा. मुंबईत कंपनीचा जुना बॉम्बे कॅसल होता, तिथे आज आपल्या नौदलाचा ‘आयएनएस आंग्रे’ हा तळ आहे. देशाने नाव परत घेतलं, पण पडद्यावर ते नाव अजून कंपनीच्या स्पेलिंगमध्ये फिरतं. गुराबा आणि गलबतं, ओहोटीत पायी गाठता येणारा कुलाबा किल्ला, समुद्राकडच्या तटात चुन्याशिवाय रचलेले ते अजस्र धोंडे: एवढं सगळं असताना आंग्र्यांची गोष्ट आंग्र्यांच्या बाजूने सांगणारा, त्याच तोलाचा चित्रपट आपण केलेला नाही. हॉलिवूडला दोष देताना हेही बोललं पाहिजे.

त्या रात्री भाच्याला मी एवढं सगळं सांगितलं नाही. कपाटातून दा. गो. ढबू यांचं ‘कुलाबकर आंग्रे सरखेल’ काढलं आणि आम्ही दोघं वाचायला बसलो. टीव्हीवर पगडीतला तो चेहरा तसाच थांबलेला होता. आम्ही सेखोजींपर्यंत पोचलो तेव्हा साडेबारा वाजले होते, आणि चित्रपट पुढे सुरू करायचं दोघांच्याही लक्षात राहिलं नव्हतं.