न दुखणारा अंगठा

माझ्या उजव्या हाताची नखं मी एका शनिवारी, ऐन दिवेलागणीला कापली. शनिवारी नखं कापू नयेत आणि तिन्हीसांजेला तर मुळीच कापू नयेत, हे आईने लहानपणी पक्कं पाठ करून घेतलं होतं. पण पाप करायचंच तर चिल्लर कशाला करा!

ही नखं साधीसुधी नव्हेत. क्लासिकल गिटार वाजवणाऱ्याची. डाव्या हाताची बोडकी, उजव्याची वाढवलेली. बावीस वर्षं मी ती पोटच्या पोरांसारखी जपली. (पोटच्या पोरांना रोज पॉलिशपेपरने घासत नाहीत, एवढाच फरक.) बँकेत काउंटरवर होतो तेव्हा लोक आधी माझी नखं बघत आणि मग नोटा दोनदा मोजून घेत. फणस सोलणं, कुलूप ओढून बघणं, भांडणात टेबलावर हात आपटणं, हे सगळं मी नखांपायी सोडलं होतं. आता तीच नखं कागदाच्या पुडीत बांधून केरात टाकली. कारण मी इलेक्ट्रिक गिटार घेतली होती आणि तिथे नखांचं काम प्लॅस्टिकची एक चकती करते.

"बावीस वर्षं सूर स्वच्छ व्हावा म्हणून घासत बसलात," आमची ही म्हणाली, "आणि आता सूर फाटका करायचा डबा विकत आणलात?"

डबा म्हणजे डिस्टॉर्शनचा. तो पायाने दाबायचा असतो. पूर्वी त्याच पायाखाली सरांनी दिलेलं लाकडी चौरंगासारखं पाऊल-स्टूल असे.

खरी पंचाईत सरांचीच होती. सर माहीमला राहतात, मूळचे गोव्याचे, वय ऐंशीच्या पुढे. त्यांना मी फोनवर सांगून टाकलं, "सर, अंगठा दुखतो. जाड मानेची गिटार आता झेपत नाही." एकलव्याने गुरूला अंगठा दिला, मी अंगठ्याचं दुखणं दिलं. तेही खोटं. अंगठा ठणठणीत होता.

मग खोटं का बोललो? मला वाटतं, नाइलाजाने सोडलेल्या गोष्टीला आपल्याकडे माफी असते, आवडीने सोडलेल्या गोष्टीला नसते. शाकाहारी माणसाने डॉक्टरांनी सांगितलं म्हणून अंडं खाल्लं तर ते औषध. आवडलं म्हणून खाल्लं की तो बाटला. क्लासिकल गिटारची म्हणून आपण जी नायलॉनची तार मानतो, ती तरी कुठली परंपरेतली? आधी तारा जनावरांच्या आतड्याच्या असत. दुसऱ्या महायुद्धात त्या जखमा शिवायच्या कामी लागल्या, तुटवडा पडला, आणि न्यूयॉर्कच्या आल्बर्ट ऑगस्टीन यांनी नायलॉनच्या तारा काढल्या. म्हणजे दात घासायच्या ब्रशात असतं तेच हे नायलॉन! खुद्द सेगोव्हियाने त्या लावल्या. कुणी हूं की चूं केलं नाही. युद्धच होतं, बिचारा काय करणार! पण १९६५ साली न्यूपोर्टच्या लोकसंगीत महोत्सवात बॉब डिलन इलेक्ट्रिक गिटार घेऊन उभा राहिला, तर हुर्यो उडाली. पुढच्या वर्षी मँचेस्टरला भर सभागृहात कुणीतरी त्याला 'जूडास' म्हणून ओरडलं. त्याचाही अंगठा दुखत नव्हता ना!

आणि आवडलं म्हणजे तरी काय? नायलॉनचा सूर जन्मतो आणि विझू लागतो. तो जरा जास्त जगल्याचा भास निर्माण करण्यात माझी बावीस वर्षं गेली. इथे पोलादी तार बारीक; सूर थांबतो, आणि बोटाने तार ओढली की चक्क मींड निघते. आमचे कान भीमसेनांवर पोसलेले! पहिल्यांदा 'नी'वरून 'सा'पर्यंत तार ओढली तेव्हा डोळ्यांत पाणी आलं. (बोटही कापलं होतं, ते सोडा.) मात्र ज्या तारा वाजवायच्या नाहीत त्यांना गप्प बसवणं हे निम्मं काम असतं. क्लासिकलमध्ये असला जाच एवढा नव्हता.

शेवटी माहीमला गेलो. सरांनी माझा हात हातात घेतला, अंगठ्याचं पेर दाबलं.

"दुखतं?"

हो म्हणायचं घरून ठरवून निघालो होतो. "नाही सर," मी म्हणालो. "दुखत नव्हतंच. मला ती आवडली."

सर माझ्या कापलेल्या नखांकडे बराच वेळ बघत राहिले.

"दुखत असतं तर मला बरं वाटलं असतं रे," ते म्हणाले.

यावर काय बोलणार? मी बशीतल्या बिस्किटाकडे बघत बसलो. त्यांनी आत जाऊन कॉफी करून आणली. ऐंशीच्या वर वय, कप हातात थरथरत होता, पण मला उठू दिलं नाही.

निघताना दारात त्यांनी विचारलं, "त्या पेटीला आवाजाचं बटण असतं ना? कितीपर्यंत?"

"दहापर्यंत."

"तू कितीवर ठेवतोस?"

"दीडवर. खालच्या मजल्यावर दहावीची परीक्षा आहे."

"दीडवर?" सर म्हणाले. "मग घेतलीस कशाला?"